साबुदाण्याची खिचडी मोकळी व्हायची असेल तर

साबुदाणा हा दाणा नव्हेच. ज्वारी-तांदळासारखा तो शेतात कणसाला लागत नाही. कसाव्याच्या कंदातून काढलेल्या स्टार्चची ती वळलेली गोळी असते. एवढं एक लक्षात घेतलं की तो उपासाला का चालतो तेही कळतं आणि खिचडीचा गोळा का होतो तेही.

कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. पोर्तुगीजांच्या व्यापारातून तो इकडे आला. केरळात, तेव्हाच्या त्रावणकोर संस्थानात, विशाखम तिरुनाळ महाराजांनी (राज्यकाळ १८८० ते १८८५) त्याच्या लागवडीला जोर दिला. ‘साबु’ हे नाव मात्र त्याहून जुन्या, वेगळ्या वस्तूचं. मलाया-इंडोनेशियाकडे सागो नावाच्या ताडवर्गीय झाडाच्या गाभ्यातून असेच मोती करत, आणि तेच नाव पुढे कसाव्याच्या मोत्यांना चिकटलं. दुसऱ्या महायुद्धात तिकडून येणाऱ्या साबुदाण्याची आयात थांबली आणि तमिळनाडूत सेलमच्या आसपास कसाव्यापासून साबुदाणा करण्याचा धंदा उभा राहिला. आजही त्या भागातलं हे मोठं उत्पादन आहे. खिचडीतली मिरची, बटाटा आणि शेंगदाणाही अमेरिका खंडातलेच. ‘बटाटा’ हा शब्दसुद्धा पोर्तुगीज. उपासाला धान्य वर्ज्य, कंद चालतो, म्हणून परदेशी असूनही ही सगळी मंडळी एकादशीच्या ताटात बसली.

आता कृती. चार माणसांना २ वाट्या साबुदाणा, १ वाटी दाण्याचं कूट, १ मध्यम बटाटा, ४-५ हिरव्या मिरच्या, ३ मोठे चमचे साजूक तूप, १ चमचा जिरं, दीड चमचा मीठ, तेवढीच साखर आणि अर्धं लिंबू लागेल. साबुदाणा पांढरा, मध्यम आकाराचा घ्या. काचेसारखा दिसणारा नायलॉन साबुदाणा तळून चिवड्यात घालायचा. खिचडीला तो नको.

खरं काम भिजवण्याचं आहे. कारखान्यात ओल्या स्टार्चच्या गोळ्या गरम तव्यावर हलक्या शेकून वाळवतात. त्यामुळे वरचं आवरण शिजल्यासारखं घट्ट होतं आणि आतला स्टार्च कच्चाच राहतो. शिवाय पोत्यात दाणे एकमेकांवर घासून भुकटी सुटते. ती भुकटी धुतली नाही तर कढईत तिची खळ होते आणि दाणे चिकटतात. म्हणून हलक्या हाताने दोन-तीन पाण्यांतून धुवा. पाणी बरंचसं नितळ दिसलं की थांबा. चोळू नका, दाणे फुटतात.

धुऊन निथळल्यावर सव्वा ते दीड वाटी पाणी घाला. दाणे जेमतेम बुडून वर पाण्याचा पातळ थर दिसला पाहिजे. भांडं पसरट घ्या. खोल पातेल्यात खालचे दाणे पाण्यात बसून लगदा होतात आणि वरचे कोरडे राहतात. तासाभराने एकदा खालीवर करा. सगळं पाणी पिऊनही दाणे कडक असतील तर दोन चमचे पाणी शिंपडा. प्रत्येक पोत्याची पाणी पिण्याची ताकद वेगळी असते, म्हणून नवं पाकीट उघडलं की पहिल्या वेळी पाणी थोडं कमीच घालावं. झाकून चार ते सहा तास, किंवा रात्रभर ठेवा. दाणा दोन बोटांत दाबला की पूर्ण चुरडला गेला पाहिजे. मध्ये टणक ठिपका लागला तर तो कढईतही तसाच राहणार, कारण खिचडीत वरून पाणी घालत नाहीत.

पाणी जास्त झालंच, तर दाणे सुती कापडावर अर्धा तास पसरून ठेवा. तरीही चिकट राहिले तर खिचडीचा हट्ट सोडून उकडलेला बटाटा घालून वडे करा. वड्याला चिकटपणाच हवा असतो.

शेंगदाणे मंद आचेवर दहा-बारा मिनिटं, डाग पडेपर्यंत भाजा. घाईत भाजले तर बाहेरून करपतात आणि आत कच्चट लागतात. पूर्ण गार झाल्यावर सालं काढून मिक्सर थांबवत-थांबवत फिरवा. सलग फिरवलं की तेल सुटून कुटाची चटणी होते. रव्यासारखं जाडसर कूट उत्तम. ते कढईत वरून न घालता साबुदाण्यातच मीठ-साखरेबरोबर कालवा. प्रत्येक दाण्यावर कुटाचा थर बसला की शिजताना दाणे एकमेकांना धरत नाहीत. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतात, म्हणून पोषणासाठीही कुटात काटकसर करू नये.

जाड बुडाच्या कढईत तूप तापवून जिरं आणि मिरच्यांचे तुकडे टाका. हिंग नको; बाजारच्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं. बटाट्याच्या पातळ काचऱ्या घालून झाकणाखाली पाच-सहा मिनिटं शिजवा. बटाटा कच्चा असताना साबुदाणा टाकला तर बटाटा शिजेपर्यंत साबुदाण्याचा गोळा होतो.

मग साबुदाणा घालून आच मंद ते मध्यम ठेवा. उलथन्याने तळापासून वर उचला, दाबून ढवळू नका. साठ-सत्तर अंशांवर स्टार्च पाणी धरून फुगतो, म्हणून पांढरा दाणा पारदर्शक होतो. याला चार-पाच मिनिटं लागतात. एक वाफ पुरे, तीही दोन मिनिटांची. झाकण जास्त वेळ राहिलं तर वाफेचं पाणी खिचडीत ठिबकतं. बहुतेक दाणे काचेसारखे झाले आणि काहींत जरासा पांढरेपणा उरला की गॅस बंद करा. उरलेलं काम कढईच्या उष्णतेवर होतं. लिंबू उतरवल्यावर पिळा. कोथिंबीर आणि खोबरं आपल्या घरच्या उपासाच्या रीतीप्रमाणे.

खिचडी गरमच वाढा, सोबत गोड दही किंवा काकडीची कोशिंबीर. गार होताना स्टार्च पुन्हा घट्ट होतो आणि दाणा वातड लागतो. उरली तर चमचाभर पाणी किंवा ताक शिंपडून मंद आचेवर एक वाफ द्या, दाणा पुन्हा मऊ होतो.