कोर्टातून जुन्या दाव्याच्या नकला काढताय? या चुका टाळा

तालुक्याच्या दिवाणी कोर्टात वकिलांचा कारकून म्हणून मी 27 वर्षं काम केलं. रोज कोणीतरी नक्कल विभागाच्या खिडकीशी येतो, "आजोबांच्या दाव्याचा निकाल पाहिजे" म्हणतो आणि पुढचं काहीच सांगू शकत नाही. दोन-तीन खेपा घालतो, आणि मग कोर्टात कागद मिळत नाहीत असं गावभर सांगत फिरतो. कागद बहुतेक वेळा मिळतात. मागणाऱ्याचा अर्ज चुकलेला असतो. त्याच त्या चुकांपायी लोकांचे महिने वाया जाताना पाहिलेत, म्हणून हे लिहितोय.

चिठ्ठीवरचा नंबर दाव्याचाच आहे असं धरून चालणं

एक निवृत्त गृहस्थ मुंबईहून आले होते. वडिलांच्या पत्र्याच्या पेटीत त्यांना एक चिठ्ठी सापडली होती. तिच्यावर फक्त "कोर्ट 112/68" एवढंच. गावच्या जमिनीच्या वाटपाचा हुकूमनामा, म्हणजे कोर्टाच्या अंतिम आदेशाचा कागद, त्यांना हवा होता, कारण चुलतभाऊ वाटप झालंच नाही म्हणत होते. त्यांनी माझ्याशी बोलण्याआधीच अर्ज टाकला होता, "दावा क्र. 112/1968". आठवड्याने उत्तर आलं. तो दावा कोणा सावकाराने उसनवारीच्या वसुलीसाठी लावलेला, नावं वेगळी, गाव वेगळं. गृहस्थ चिडले, कोर्टाने कागद दडवले म्हणाले आणि मुंबईला निघून गेले. चार महिन्यांनी परत आले तेव्हा मी त्यांना एकच गोष्ट सांगितली, "काका, आधी तलाठ्याकडून त्या गटाचे जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदी, काढून आणा."

गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफारांच्या नोंदवहीत, सगळं लिहिलेलं होतं. रेग्युलर मुकदमा (म्हणजे दिवाणी दावा) नंबर 47/1961 मधल्या हुकूमनाम्याप्रमाणे आणि दरखास्त नंबर 112/1968 अन्वये वाटप झाल्याची नोंद. म्हणजे चिठ्ठीवरचा आकडा दाव्याचा नव्हता, हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी लावलेल्या दरखास्तीचा होता. एकाच कोर्टात एकाच वर्षी 112 नंबरचा दावा असतो, 112 नंबरची दरखास्त असते आणि 112 नंबरचा किरकोळ अर्जही असतो. प्रत्येकाची नोंदवही निराळी. 47/1961 चा अर्ज केला आणि तडजोड पुरसीस (पक्षकारांनी कोर्टात लिहून दिलेली तडजोड), हुकूमनामा, सोबतचा नकाशा असं सगळं हाती आलं.

तेव्हापासून जमिनीच्या जुन्या दाव्यासाठी मी कोर्टात जायच्या आधी फेरफार बघतो. अनेक गावांचे जुने फेरफार 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर पाहता येतात. तिथे नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करावा. नंबराबरोबर चार गोष्टी लागतातच: प्रकरणाचा प्रकार, वर्ष, कोणत्या कोर्टात (कनिष्ठ स्तर की वरिष्ठ स्तर) आणि वादी-प्रतिवादींची नावं. दावा पुढे अपिलात गेला असेल तर जिल्हा न्यायालयातला नंबर पुन्हा वेगळा असतो.

कोर्ट शब्द ऐकला की दिवाणी कोर्टात धाव

कुळाचं प्रकरण शेतजमीन न्यायाधिकरणापुढे चालतं, वहिवाटीच्या रस्त्याचं मामलेदार कोर्टापुढे. लोक दोन्हींना "कोर्टाचा निकाल" म्हणतात, पण त्या फायली महसूल खात्याच्या असतात आणि तहसील कार्यालयात सापडतात. दिवाणी कोर्टाच्या रजिस्टरात त्या वर्षानुवर्षं शोधल्या तरी दिसणार नाहीत. फेरफारात "कूळ कायदा", "कलम 32 ग" असे शब्द दिसले की तहसीलची वाट धरा.

आजचा जिल्हा धरून शोधणं

सिंधुदुर्ग 1981 साली रत्नागिरीतून निघाला, जालना त्याच वर्षी औरंगाबादेतून, लातूर 1982 साली उस्मानाबादेतून, नंदुरबार आणि वाशिम 1998 साली, पालघर 2014 साली ठाण्यातून. त्याआधीच्या दाव्याचे कागद जुन्या जिल्ह्याच्या ठिकाणी असू शकतात. शिवाय जिल्हा झाल्याची तारीख आणि तिथलं जिल्हा न्यायालय सुरू झाल्याची तारीख एकच असेल असं नाही. तालुक्यांचंही तेच. आज तुमच्या गावाला जवळचं कोर्ट आहे, पण दावा लागला तेव्हा ते नसेल. म्हणून माझा पहिला प्रश्न असतो, त्या साली तुमचं गाव कोणत्या कोर्टाच्या हद्दीत होतं? हे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. कोणत्या गावाला जाऊन तारखा केल्या ते त्यांना बरोबर आठवतं.

फार जुने कागद मोडी लिपीत असतात, मराठवाड्यातले निजामकाळातले उर्दूत. नक्कल मिळाली तरी लिप्यंतर वेगळं करून घ्यावं लागतं, तेव्हा त्याचा वेळ आणि खर्च आधीच धरा.

मोबाइलवरचा निकाल म्हणजे नक्कल

ई-कोर्ट्सचं संकेतस्थळ फार उपयोगाचं आहे, मी रोज वापरतो. सीएनआर नंबर, म्हणजे ई-कोर्ट्सवर प्रत्येक प्रकरणाला मिळणारा स्वतंत्र नंबर, असेल तर एका मिनिटात प्रकरण समोर येतं. तो 16 अक्षरा-आकड्यांचा असतो, आपल्याकडे सुरुवात एमएच या अक्षरांनी होते आणि शेवटचे चार आकडे वर्षाचे असतात. नंबर नसेल तर पक्षकाराच्या नावाने शोधता येतं. पण तिथे दोन गोष्टी सगळे विसरतात. एक, "प्रलंबित" आणि "निकाली" असे पर्याय असतात, आणि लोक निकाली झालेलं प्रकरण प्रलंबितात शोधत बसतात. दुसरी, नावाचं स्पेलिंग. इंग्रजीत कोणी जाधवचं स्पेलिंग वेगळं केलं असेल, कोणी आडनाव आधी घातलं असेल. मी नेहमी नावाची पहिली तीन-चार अक्षरंच टाकतो आणि यादी डोळ्यांखालून घालतो. फार जुनी प्रकरणं तिथे दिसत नाहीत, म्हणून "ऑनलाइन नाही म्हणजे दावाच नव्हता" असा निष्कर्ष काढू नका.

आणि तिथून छापलेला कागद ही प्रमाणित नक्कल नव्हे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 75 मध्ये प्रमाणित नक्कल कशी असते ते दिलंय: अधिकाऱ्याचा दाखला, तारीख, सही, हुद्दा आणि शिक्का. जुन्या कायद्यात हेच कलम 76 ला होतं. अपिलाला, बँकेला, फेरफाराला सही-शिक्क्याचा कागदच चालतो.

नक्कल तयार झाली तरी न उचलणं

या चुकीने माणसाची जमीन जाऊ शकते, म्हणून हे सविस्तर सांगतो.

तालुक्याच्या दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात अपील करायला 30 दिवस असतात. मुदत कायदा 1963 च्या कलम 12 प्रमाणे नक्कल मिळवायला लागलेला वेळ त्यातून वगळतात. हे लोकांनी कुठेतरी ऐकलेलं असतं, पण अर्धवट. आमच्याकडे एक शेतकरी दादा आले. निकाल 3 जूनचा. नकलेचा अर्ज 21 जूनला. नक्कल तयार झाली 30 जूनला. पेरणीची घाई होती म्हणून त्यांनी ती उचलली 25 जुलैला, आणि त्याच दिवशी आमच्याकडे आणली. त्यांचा हिशोब असा, की नक्कल हातात पडेपर्यंतचे सगळे दिवस कोर्ट सोडून देतं.

तसं नाही. निकालाचा दिवस सोडला तर 30 दिवस 3 जुलैला संपत होते. वगळायचे ते अर्जापासून नक्कल तयार होईपर्यंतचे, 21 ते 30 जून, म्हणजे 10 दिवस. शेवटची तारीख 13 जुलै. ती केव्हाच टळली होती. नकलेच्या पाठीमागे अर्जाची, तयार झाल्याची आणि दिल्याची अशा तारखा लिहिलेल्या असतात, त्या समोरच्या वकिलाने वाचून दाखवल्या. मग विलंब माफीचा अर्ज, त्यावर प्रतिज्ञापत्र, समोरच्याचं म्हणणं, युक्तिवाद. मूळ अपील सुरू व्हायलाच दीड वर्ष गेलं. माफी मिळाली, पण ती मिळतेच असं नसतं. ते दीड वर्ष त्या कुटुंबाने कसं काढलं ते मी जवळून पाहिलंय.

माझी पद्धत साधी आहे. निकाल लागला त्याच दिवशी, कोर्टातून बाहेर पडायच्या आधी नकलेचा अर्ज. निकालपत्र आणि हुकूमनामा दोन्हींचा. अर्जाचा नंबर डायरीत, आणि दर दोन दिवसांनी खिडकीवर चौकशी. नक्कल खर्च भरायला सांगितला की त्याच दिवशी भरायचा. अपील करायचं की नाही हे नंतर ठरवा, नक्कल आधी घ्या.

आणखी काही

"निकालाची नक्कल" एवढंच लिहू नका. निकालपत्रात कारणं असतात, हुकूमनाम्यात आदेश असतो, आणि फेरफाराला हुकूमनामा लागतो. वाटपाच्या दाव्यात प्राथमिक की अंतिम तेही लिहा. पुराव्याचा कागद हवा असेल तर त्याचा निशाणी क्रमांक (कोर्टाने त्या कागदावर टाकलेला नंबर) द्या. तो माहीत नसेल तर आधी फाईल पाहणीचा अर्ज करा.

तुम्ही दाव्यात पक्षकार नसाल तर कारण लिहून प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं. वारस असाल तर मृत्यू दाखला आणि वारसाचा पुरावा लावा.

माहिती अधिकाराचा अर्ज टाकून नकला मागू नका. गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली सांगितलंय, की कोर्टाच्या नियमांत नकलेची सोय असताना त्याच वाटेने जावं. या अर्जाचं उत्तर नकारार्थी येतं आणि तोवर महिना जातो.

कोर्टाबाहेर "उद्या काढून देतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. तो तुमच्यासारखाच अर्ज करतो, फक्त नंबर न तपासता. ज्यांना घाई असते तेच त्याच्याकडे जातात आणि तेच शेवटी सर्वांत उशिरा कागद घेऊन जातात.

आणि दाव्यात दाखल केलेलं मूळ खरेदीखत किंवा मृत्युपत्र निकालानंतर, अपिलाची मुदत संपली की, अर्ज करून परत घ्या. जुन्या फायलींची छाननी होते आणि किरकोळ कागद नियमाप्रमाणे नष्ट केले जातात. तुमचा मूळ कागद त्या गठ्ठ्यात राहू देऊ नका.