राष्ट्रपतीची निवडणूक समजून घ्यायची आहे? नागपूरच्या बारा आमदारांपासून सुरुवात करा

हिवाळी अधिवेशन आलं, सिव्हिल लाइन्समध्ये बॅरिकेड लागले, मोर्चे अडवले जायला लागले की नागपूरकराला विधानभवन घरचंच वाटायला लागतं. २०२२ च्या जुलैत शेजारच्या काकांनी म्हणूनच मला विचारलं, "राष्ट्रपतीचं मतदान आपल्या इथंच होते न? आमदार तं इथंच येतात."

नाही होत. महाराष्ट्राचे आमदार त्या दिवशी मुंबईच्या विधानभवनात मत देतात आणि खासदार दिल्लीत, संसद भवनात. पण काकांच्या प्रश्नामागे खरा प्रश्न वेगळाच होता: यात आपण कुठे आहोत? त्याचं उत्तर बातम्या ऐकून मिळत नाही, गणित मांडून मिळतं. वही आणि पेन्सिल घ्या. भागाकार येत असला की पुरे.

आधी मतदारांची यादी करा

एका रकान्यात लोकसभा आणि राज्यसभेचे निवडून आलेले खासदार, दुसऱ्यात राज्यांच्या आणि दिल्ली-पुद्दुचेरीच्या विधानसभांचे निवडून आलेले आमदार. बस. राज्यसभेवर नेमलेले सदस्य खोडा. विधान परिषदेचे आमदारही खोडा. नागपूरच्या पदवीधरांनी रांगेत उभं राहून निवडून दिलेला आमदारसुद्धा राष्ट्रपतीसाठी मत देऊ शकत नाही. यावर पैज लावून मी दोनदा चहा प्यायलोय.

मग एका मताचं वजन काढा

इथे बहुतेकांची गाडी अडते, कारण सगळ्यांचं मत सारखं नसतं. आमदाराचं मत किती भारी, ते त्याच्या राज्याच्या लोकसंख्येवरून ठरतं, आणि लोकसंख्या धरायची १९७१ च्या जनगणनेची. ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन नीट केलं त्यांचं वजन घटू नये म्हणून हा आकडा गोठवला, आणि २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे येईपर्यंत तो तसाच राहणार आहे.

१९७१ ला महाराष्ट्राची लोकसंख्या होती ५,०४,१२,२३५. तिला २८८ आमदारांनी भागा, उत्तराला परत १,००० ने भागा. येतात १७५. उत्तर प्रदेशच्या आमदाराचे येतात २०८, सिक्कीमच्या आमदाराचे फक्त ७.

खासदाराचं उलट्या बाजूने काढायचं. देशातल्या सगळ्या आमदारांच्या मतांच्या वजनाची बेरीज करायची आणि निवडून आलेल्या खासदारांच्या संख्येने भागायची. २०२२ ला ही बेरीज होती ५,४३,२३१ आणि खासदार ७७६, म्हणून एका खासदाराचं मत ७०० चं. त्याआधी २०१७ ला ते ७०८ होतं. मधल्या काळात जम्मू-काश्मीरची विधानसभा उरली नव्हती, बेरीज घटली, भाव उतरला. केंद्र आणि राज्यं यांचं पारडं जवळपास सारखं राहावं, ही यातली सगळी कारागिरी.

आता आपला जिल्हा मांडा. शहरातले सहा मतदारसंघ, शिवाय काटोल, सावनेर, हिंगणा, उमरेड, कामठी, रामटेक. बारा आमदार गुणिले १७५, म्हणजे २,१००. त्यात नागपूर आणि रामटेकच्या खासदारांचे १,४०० मिळवा. ३,५०० झाले. २०२२ च्या एकूण १०,८६,४३१ मध्ये आपल्या जिल्ह्याचा वाटा हा एवढा.

अर्ज आणि मतदान

उमेदवाराचं वय किमान ३५ हवं आणि लोकसभेवर निवडून येण्याची पात्रता हवी. अर्जावर ५० मतदार सूचक आणि ५० अनुमोदक लागतात, अनामत १५,००० रुपये. सूचक-अनुमोदकही याच खासदार-आमदारांतले, त्यामुळे हौशी अर्ज छाननीतच गळतात.

खासदाराला हिरवी मतपत्रिका मिळते, आमदाराला गुलाबी. पेन निवडणूक आयोगाचंच, जांभळ्या शाईचं. दुसऱ्या पेनाने लिहिलं तर मत बाद. शिक्का नाही, बटण नाही. नावांसमोर १, २, ३ असे पसंतीचे आकडे घालायचे. मतदान गुप्त असतं आणि पक्षाला व्हिप, म्हणजे अमक्यालाच मत द्या असा आदेश, काढता येत नाही, म्हणून 'मतं फुटली' ही बातमी दर वेळी येते.

पेट्या मग विमानाने दिल्लीला जातात. २०२२ ला त्यांची तिकिटं 'मिस्टर बॅलट बॉक्स' या नावाने काढली होती, आणि जागा पहिल्या रांगेत, सोबतच्या अधिकाऱ्याशेजारी!

मोजणी: खरी मजा इथे

ज्याला जास्त मतं तो जिंकला, असं इथे नाही. वैध मतांच्या एकूण मूल्याचे दोन भाग करा आणि एक मिळवा. तेवढा कोटा गाठावाच लागतो. २०२२ ला वैध मूल्य १०,५६,९८०, म्हणून कोटा ५,२८,४९१. द्रौपदी मुर्मू यांना ६,७६,८०३ मिळाले, यशवंत सिन्हांना ३,८०,१७७. पहिल्याच मोजणीत निकाल.

कोटा न गाठल्यास काय होतं, हे पाहायला १९६९ ला जावं लागतं. राष्ट्रपती झाकीर हुसेन यांचं निधन झालं. हंगामी राष्ट्रपती झालेले उपराष्ट्रपती गिरी स्वतःच उभे राहिले आणि पद सोडलं, तेव्हा महिनाभर राष्ट्रपतीचं काम सरन्यायाधीश हिदायतुल्लांनी पाहिलं. तेच हिदायतुल्ला, जे आधी आपल्या नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते.

कोटा होता ४,१८,१६९. गिरींना पहिल्या पसंतीचे ४,०१,५१५, नीलम संजीव रेड्डींना ३,१३,५४८, आणि तिसरे आपले चिंतामणराव देशमुख, १,१२,७६९. कोटा कोणाचाच भरला नाही. मग सगळ्यात तळाच्या उमेदवाराला बाद करायचं, त्याच्या मतपत्रिका उघडायच्या आणि पुढची पसंती ज्याला असेल त्याच्या गठ्ठ्यात टाकायच्या. मग त्याच्या वरचा, मग त्याच्याही वरचा. शेवटी चिंतामणरावांचा गठ्ठा फुटला. या सगळ्या वाटपात रेड्डींना ९१,८७९ मिळाले आणि गिरींना जेमतेम १८,५६२. तरी गिरी ४,२०,०७७ वर पोचले, कोट्याच्या १,९०८ पुढे. आपली वही उघडा: ही आघाडी नागपूर जिल्ह्याच्या आजच्या ३,५०० पेक्षा कमी आहे. काकांना मी हाच आकडा दाखवला होता.

मुर्मू यांची मुदत २४ जुलै २०२७ ला संपते आणि निवडणूक त्याआधी उरकावी लागते. वहीचं पान तोवर जपा. ७०० मात्र पेन्सिलीनेच लिहा, तो बदलू शकतो.