परदेशात जुनं सामान घेताना आधी शिवणी तपासा

परदेशात घर लावताना सगळं कोरंच घ्यायला हवं असं नाही. विद्यापीठाच्या आसपास, सत्र संपून मुलं खोल्या सोडतात तेव्हा चांगली टेबलं-कपाटं अगदी स्वस्तात मिळतात, कधी फुकटही. फेसबुक मार्केटप्लेस आणि नको असलेल्या वस्तू फुकट देण्या-घेण्याची फ्रीसायकल ही साइट रोज बघा. आणायला जाण्याआधी मापं विचारा आणि आपला दरवाजा, जिन्याचं वळणही मोजून ठेवा.

खरी काळजी ढेकणांची. सोफ्याच्या शिवणी बोटांनी उलगडून मोबाइलचा उजेड टाका, उलटा करून खालचं कापडही बघा. शाई झिरपल्यासारखे काळे ठिपके, फिकट पिवळसर कात किंवा सफरचंदाच्या बीएवढा तपकिरी किडा दिसला, तर सोफा कितीही मनात भरलेला असो, तिथेच सोडा. ढेकूण कित्येक महिने उपाशी राहतात, त्यामुळे ‘बरेच दिवस नुसताच पडून होता’ यावर विसंबू नका. जुनी गादी तर घेऊच नका, हे माझं अगदी ठाम मत.

कपड्यांसाठी धर्मादाय संस्थांची दुकानं उत्तम, विशेषतः थंडीच्या कोटासाठी. चेन दोन-तीनदा वर-खाली करा, अस्तर आणि काखेतली शिवण बघा. ढेकणांची शंका नको म्हणून कपडे घरी आल्यावर कपाटात न ठेवता थेट मशीनमध्ये ६० अंशांवर धुवा. लोकरीला एवढं गरम पाणी सोसत नाही. ती बंद पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये चार दिवस ठेवा.