कोड आणि मंडळी: डाग न झाकता उपासनेला कसं बसावं

कोडाचे पांढरे डाग झाकायला मे महिन्याच्या उकाड्यातही लांब बाह्या घालून मागच्या बाकावर बसणारं कुणीतरी बहुतेक मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, असतं. "देव बाहेरचं रूप पाहत नाही" एवढं सांगून त्यांचं भागत नाही, कारण मंडळी पाहते. म्हणून क्रम सांभाळा: आधी निदान, मग वचन, आणि बाह्या सगळ्यात शेवटी.

कोडात त्वचेला रंग देणाऱ्या पेशी शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती नष्ट करते. हात हातात घेतल्यानं किंवा प्रभुभोजनाच्या एकाच प्याल्यातून प्यायल्यानं ते लागत नाही. मासे खाऊन वर दूध प्यायल्यानंही होत नाही. ही समजूत घरोघरी पक्की आहे, पण तिला आधार नाही. कोडाचा डाग दुधासारखा पांढरा असतो आणि तिथे स्पर्श नीट कळतो. डाग नुसता फिकट असेल आणि डोळे मिटून त्यावर कापूस फिरवला तरी काही जाणवत नसेल, तर लगेच सरकारी दवाखाना गाठा. ते कुष्ठरोगाचं लक्षण असू शकतं. त्याची औषधं तिथे मोफत मिळतात आणि तो बरा होतो. कोडच निघालं तर थायरॉइडची तपासणीही करून घ्या, काहींना दोन्ही त्रास असतात. मलम किंवा प्रकाशोपचार चालू असतील तर "आता विश्वासावर सोडलं" म्हणून बंद करू नका. उपचार घेणं हा अविश्वास नव्हे. प्रेषित पौलानं आपला सहकारी तीमथ्य याला त्याच्या पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलंच होतं (1 तीमथ्य 5:23).

आता वचन. बायबलमधल्या लेवीय 13 चा, म्हणजे त्वचेच्या चट्ट्यांवरून माणूस शुद्ध की अशुद्ध ते ठरवणाऱ्या अध्यायाचा, धाक अनेकांच्या मनात घर करून असतो, कारण तो अध्याय अर्ध्यावर सोडला जातो. 38 आणि 39 ही वचनं मोठ्यानं वाचा. कातडीवर फिकट पांढरे डाग असलेल्या स्त्री-पुरुषांची तिथे वेगळी नोंद आहे, आणि असा माणूस शुद्ध आहे असा निकाल आहे. घरात कुणी कुजबुजत असेल तर त्यांच्यासमोरच वाचा. "कुणाच्या पापामुळे झालं?" या प्रश्नाला योहान 9:3 मध्ये जन्मांध माणसाबद्दल येशूनं दिलेलं उत्तर पुरेसं आहे: याच्याही नाही, याच्या आईबापांच्याही नाही.

स्तोत्र 139 जपून वापरा. चौदावं वचन (देवानं मला अद्भुत रीतीनं घडवलं म्हणून स्तुती) आरशावर चिकटवायचं आणि रोज म्हणायचं, हा उपाय बहुतेकदा फसतो. मन खट्टू असताना तोंडानं स्तुती केली की आपण खोटं बोलतोय असं वाटतं आणि वर अपराधीपणा चढतो. त्याऐवजी स्तोत्र 13 पासून सुरुवात करा. ते अवघ्या सहा वचनांचं आहे: दोन तक्रारीची, दोन मागण्याची, दोन भरवशाची. त्याच मापानं स्वतःच्या सहा ओळी वहीत लिहा. तक्रार नेमकी हवी. "मी दुःखी आहे" नको. "प्रभू, अर्पणाची थैली पुढे देताना माझे हात लोकांना दिसतात, आणि मला ते आवडत नाही" असं लिहा. शेवटच्या दोन ओळी सुचल्या नाहीत तर जागा कोरी ठेवा, ओढूनताणून भरू नका. आठवडाभर हे केलं की मग आरशासमोर, पुरेशा उजेडात, डागांकडे पाहत 139 वाचा. सगळी 24 वचनं वाचा. घाई केली नाही तर दहा मिनिटं पुरतात.

बाह्यांचं काम पायऱ्यांनी होतं. घरी, मग जवळच्या दोन-तीन जणांसोबत, मग आठवड्याच्या घरगुती प्रार्थनासभेत, मग रविवारी मधल्या बाकावर, आणि शेवटी वाचनासाठी पुढे. दर वेळी अस्वस्थतेला 0 ते 10 मध्ये आकडा द्या. 8 वरून 4 वर येईपर्यंत तीच पायरी गिरवा. बिघडतं कुठे? थेट कुणाच्या तरी लग्नात अर्ध्या बाह्या घालून जाण्यात. तिथे नातेवाईकांची गर्दी, फोटो, स्थळांच्या चौकशा. माणूस मध्येच उठून येतो आणि पुढे वर्षभर बाह्या खाली राहतात. प्रार्थना चालू असताना निघून जाणंही टाळा. अस्वस्थता थोडी उतरेपर्यंत बसलात तरच पुढची वेळ सोपी जाते.

उघड्या डागाला ऊन चटकन भाजतं. निघण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटं एसपीएफ 30 किंवा जास्तीचं सनस्क्रीन जाडसर लावा, बाहेर राहिलात तर दर दोन तासांनी पुन्हा. घट्ट पट्टा, घासणारी कॉलर, खाजवणं टाळा. जिथे त्वचा सोलवटते तिथे नवा डाग उठू शकतो.

लोक विचारणारच. उत्तर एका वाक्यात ठेवा: "काकू, हे कोड आहे, लागत नाही, औषध चालू आहे." मग विषय बदला. न विचारता डोक्यावर हात ठेवून बरेपणासाठी प्रार्थना सुरू करणाऱ्यांना अडवायला हरकत नाही: "दादा, प्रार्थना करा, पण सध्या माझ्या परीक्षेसाठी करा." विश्वास कमी पडला असं कुणी सुनावलं, तर 2 तीमथ्य 4:20 दाखवा. पौलानं आपला सोबती त्रफिम याला मिलेत गावी आजारी सोडलं, आणि त्याच्या विश्वासाबद्दल एक शब्द काढला नाही. स्वतः पौलानंही आपल्या देहातला काटा, म्हणजे छळणारा त्रास, दूर व्हावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही, "माझी कृपा तुला पुरे आहे" एवढंच उत्तर आलं (2 करिंथ 12:8-9).

डाग झाकणारा मेकअप लावणं म्हणजे ढोंग नव्हे. स्वतःला एकच प्रश्न विचारा: पावसात तो धुतला गेला, तर मी उपासना सोडून घरी जाईन का? उत्तर "हो" असेल तर काही रविवार तो न लावता जाऊन पाहा. लग्नाची बोलणी चालली असतील तर मात्र कोडाची गोष्ट साखरपुड्याच्या आधी, स्वतःच्या तोंडून सांगा. झोप उडाली, जगणं नकोसं वाटू लागलं, तर पाळकांना सांगा आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोनही करा, दोन्ही करा.

पाळकसाहेबांनाही एक सांगणं: कोड असलेल्या मुलीला विचारल्याशिवाय व्यासपीठावर साक्षीला उभं करू नका. तिला शास्त्रवाचनाची पाळी द्या, अर्पण मोजायला बसवा, जशी इतरांना कामं देता तशीच.