केवडा कोणता? गरज आणि माहिती जुळवताना या चुका टाळा

निफाड तालुक्यातल्या एक ताई भेंडीचं पान पिशवीत घालून आमच्या शेती माहिती केंद्रात आल्या. "केवडा पडलाय ना भाऊ. तुमच्या त्या मोबाइलवर विचारलं तर हे औषध दाखवलं. आणू का?"

त्यांच्या मोबाइलवर बाजरीच्या केवड्याचं पत्रक उघडलं होतं. हातातल्या पानाच्या शिरा पिवळ्याधमक, शिरांमधला भाग अजून हिरवा, आणि पान उलटं केलं तर खाली पांढरी माशी. बाजरीचा केवडा, ज्याला आपण गोसावीही म्हणतो, त्यावर बुरशीनाशकाचा उपयोग होतो. भेंडीचा केवडा विषाणूमुळे येतो, त्याला बुरशीनाशक शिवतसुद्धा नाही. रोगट झाडं उपटायची, पांढऱ्या माशीचा बंदोबस्त करायचा आणि पुढच्या लागवडीला परभणी क्रांती किंवा अर्का अनामिकासारखं सहनशील वाण बघायचं, एवढंच हातात असतं. ताई विचारायला आल्या म्हणून औषधाचे पैसे वाचले. न विचारता परस्पर दुकानात गेलेले किती असतील, हा विचार मला फार दिवस छळत होता.

आमच्याकडे माहिती भरपूर होती. पत्रकं, व्हिडिओ, तज्ज्ञांची यादी, भाड्याने मिळणारी अवजारं, सगळं. नुसते शब्द जुळवून शोध नीट लागत नाही म्हणून आम्ही ते सगळं सिमँटिक पद्धतीने मांडलं होतं. म्हणजे प्रत्येक पत्रक शब्दाला न बांधता संकल्पनेला बांधायचं, आणि संकल्पनांमधली नाती मशीनला वाचता येतील अशी लिहायची: हा रोग या पिकावर येतो, या कारणाने येतो, याला हे लागू पडतं. अशी तीन तुकड्यांची विधानं लिहिण्याची पद्धत म्हणजे आरडीएफ. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने ती १९९९ मध्ये प्रमाणित केली. शब्दसंग्रह मांडण्यासाठीचं स्कॉस २००९ मध्ये आलं. साधनं चांगली आहेत. चुका आमच्या होत्या, आणि असं काम करणाऱ्या बहुतेकांच्या हातून त्याच होतात असं मला दिसतं.

शब्दालाच संकल्पना समजणं

आम्ही 'केवडा' नावाची एकच संकल्पना केली आणि बाजरी, भेंडी, मूग सगळी पिकं तिला लटकवली. 'करप्या'चंही तेच. द्राक्षावरचा करपा वेगळा, कांद्यावरचा जांभळा करपा वेगळा, इगतपुरीकडच्या भातावरचा तर आणखीनच वेगळा. टोमॅटोवर पुन्हा लवकर येणारा आणि उशिरा येणारा असे दोन. नाव एक, रोग पाच.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. पेठ-सुरगाण्याचा माणूस नागली म्हणतो आणि पत्रकात नाचणी छापलेली असते. शेतकरी पोळ कांदा म्हणतो आणि तज्ज्ञ खरीप कांदा लिहितात. स्कॉसमध्ये एका संकल्पनेला एका भाषेत एकच मुख्य नाव देता येतं, पर्यायी नावं मात्र हवी तितकी. आणि तेच पर्यायी नाव दुसऱ्या संकल्पनेलाही चालतं. म्हणून 'केवडा' हे नाव तीन वेगळ्या रोगांना द्या, पण रोग तीनच ठेवा.

ही चूक आपल्याकडे झाली आहे का, ते तपासायला एक क्वेरी पुरते: एकापेक्षा जास्त संकल्पनांना लागलेली नावं कोणती? यादी रिकामी आली तर खूश होऊ नका. आपल्या बोलीत असे शब्द असतातच. यादी रिकामी आहे याचा अर्थ कुणीतरी वेगळ्या गोष्टी एकात ढकलल्या आहेत. आणि अशा शब्दाने कुणी प्रश्न विचारला तर सिस्टिमने उत्तराची घाई न करता आधी उलट विचारावं, "कोणत्या पिकावर?" कृषी सेवा केंद्रातला जाणता माणूस हेच करतो.

साधनाचं वर्णन पानभर, गरजेला एकच चौकट

माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारी चूक ही. आमच्या प्रत्येक पत्रकाला पीक, हंगाम, लेखक, भाषा, पानं, तारीख अशा पंधरा नोंदी होत्या. विचारणाऱ्यासाठी मात्र 'शोधा' लिहिलेली एक रिकामी चौकट. जुळवणी दोन्ही बाजूंनी होते. एक बाजू मुकी असेल तर दुसरी कितीही नटवली तरी लग्न जमत नाही.

येवल्याच्या एका काकांनी विचारलं होतं, "डोंगळे फुलावर आलेत, काय करू?" आमच्या सिस्टिमने त्यांना कांद्यात डोंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, का येतात ते समजावलं: थंडी, जून रोपं, वगैरे. आणि वर सल्ला दिला की डोंगळे मोडून टाका. काकांनी ते बियाण्यासाठी मुद्दाम लावले होते. त्यांना हव्या होत्या मधपेट्या, कारण मधमाश्या फिरल्या नाहीत तर कांद्याचं बी नीट भरत नाही. भाड्याने मधपेट्या देणाऱ्यांची नोंद आमच्याकडे होती! पण 'डोंगळे' म्हणजे अडचण, एवढंच आम्ही लिहून ठेवलं होतं. कुणासाठी तेच पीक असतं, हे कुठेच नव्हतं.

आता आम्ही गरज हीसुद्धा एक संकल्पना धरतो. तिला पीक आहे, पिकाची अवस्था आहे, उद्देश आहे (विक्रीचा कांदा की बियाणं), गाव आहे आणि माणसाच्या हाताशी काय आहे तेही आहे. शेवटची बाब अवजारांच्या बाबतीत फार लागते. द्राक्षबागेत फवारणीला ब्लोअर हवा, इतपत कोणतीही सिस्टिम जुळवेल. पण दोन ओळींत नऊ फूट अंतर असेल तर त्यातून जाईल असा छोटा ट्रॅक्टर त्या माणसाकडे आहे का? नसेल तर ती जुळणी कागदावरच राहते.

हे सगळं शेतकऱ्याकडून फॉर्म भरून घेऊ नका. कुणी भरत नाही. दोन प्रश्न विचारा, बाकीचं गाव आणि तारखेवरून काढा. पण तारखेवरून काढताना जपून.

महिना नावात घुसवणं

द्राक्षाच्या फळछाटणीला, म्हणजेच गोडी छाटणीला, आमच्या शब्दसंग्रहात 'ऑक्टोबर छाटणी' हे मुख्य नाव होतं, आणि त्याला आम्ही ऑक्टोबर महिनाही जोडला होता. निफाड-दिंडोरीला ते बऱ्यापैकी चालून गेलं. बागलाणात नाही चाललं. सटाण्याकडे आगाप द्राक्षाची फळछाटणी पावसाळ्यातच सुरू होते, आणि त्या बागांना पावसात डाऊनी या रोगाचा धोका कितीतरी जास्त. म्हणजे ज्यांना त्या पत्रकांची सर्वांत जास्त गरज, त्यांनाच ती ऑक्टोबरपर्यंत दिसत नव्हती. गोडी छाटणी ही कामाची ओळख. महिना हा त्या त्या भागातल्या बागेचा गुण. तो बागेला जोडा.

त्यात आम्ही आणखी एक घोळ घातला होता. दुसऱ्या ठिकाणाहून घेतलेल्या यादीतल्या छाटणीला आमची छाटणी 'सेम-ॲज' या नात्याने जोडली. हे नातं फार कडक असतं: एकाबद्दल जे खरं ते दुसऱ्याबद्दलही खरं, असं मशीन धरतं, आणि दोन्हीकडच्या नोंदी एकमेकांत मिसळतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या ॲग्रोव्हॉकसारख्या मोठ्या शब्दसंग्रहाला जोडून घ्यायचं असेल तर जरूर घ्या, पण स्कॉसचं 'क्लोज-मॅच' किंवा 'एक्झॅक्ट-मॅच' हे सैल नातं वापरा.

शास्त्राच्या वर्गीकरणावरून उपाय काढणं

डाऊनी आणि भुरी हे दोन्ही द्राक्षावरचे रोग, दोन्हींवरच्या औषधांना दुकानात बुरशीनाशकच म्हणतात. शास्त्राने बघाल तर भुरी ही खरी बुरशी, आणि डाऊनीचा कारक जीव ऊओमायसीट गटातला, खऱ्या बुरशीत न मोडणारा. आमच्यातल्या एका हुशार मुलाने वर्गीकरण अगदी शास्त्रशुद्ध केलं आणि दुसऱ्या दिवसापासून 'बुरशीनाशक' शोधणाऱ्याला डाऊनीचं एकही पत्रक दिसेना. ते परत एका गटात टाकले तर भुरीवरचं गंधक डाऊनीलाही सुचवलं जायला लागलं, आणि गंधक डाऊनीवर चालत नाही.

वर्गीकरण त्याच्या जागी बरोबर आहे. पण 'यावर हे चालतं' हे नातं वेगळं, थेट, तज्ज्ञाकडून तपासून लिहा. वरच्या गटातून ते खाली झिरपू देऊ नका. एका बाबतीत मात्र कडक नियम लावा: विषाणू एकीकडे आणि बुरशी व ऊओमायसीट दुसरीकडे, हे गट परस्परांना वर्ज्य, असं आउलमध्ये (संकल्पनांचे असे नियम लिहायच्या भाषेत) सांगून ठेवा. एकच 'केवडा' दोन्हींकडे बसवायला गेलात की रीझनर, म्हणजे लिहिलेल्या विधानांवरून निष्कर्ष काढणारा प्रोग्राम, विसंगती दाखवतो. हा नियम आधी असता तर ताईंना चुकीचं पत्रक गेलं नसतं.

उत्तरच येत नसेल तर

पहिल्यांदा अक्षरं बघा. 'शेतकऱ्यांसाठी' यातला ऱ्य संगणकात दोन वेगळ्या प्रकारे साठवला जातो: एक सरळ 'ऱ' घेऊन, दुसरा साध्या 'र'ला न दिसणारं जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखेच. 'ॲ'चंही तसंच. युनिकोडच्या नेहमीच्या सारखेपणाच्या प्रक्रियेने हे एक होत नाहीत. ते बदल स्वतः लिहून घ्यावे लागतात. सामान्यरूपांचीही सोय करा, नाहीतर 'कांद्यावर' लिहिणाऱ्याला 'कांदा' सापडत नाही.

मग पायऱ्या. स्कॉसमधलं 'ब्रॉडर' (याच्या वरचा गट) हे नातं आपोआप पुढे चालत नाही. जांभळा करपा कांद्याच्या रोगांत आणि कांद्याचे रोग कांद्यात, म्हणून जांभळा करपा कांद्यात, हे मशीन धरत नाही. त्यासाठी 'ब्रॉडर-ट्रान्झिटिव्ह' आहे, किंवा स्पार्कलमध्ये (आरडीएफच्या साठ्याला प्रश्न विचारायच्या भाषेत) प्रॉपर्टी पाथ, म्हणजे नात्यांच्या साखळीवरून चालत जाणारे मार्ग, वापरा. ते २०१३ च्या १.१ आवृत्तीपासून आहेत.

तिसरी शक्यता रिकाम्या नोंदींची. आमच्या कित्येक पत्रकांना भाषाच लिहिलेली नव्हती. रीझनर अशा पत्रकाला मराठी म्हणत नाही आणि मराठी नाही असंही म्हणत नाही. लिहिलं नाही म्हणजे खोटं, असं त्याच्या जगात नसतं. स्पार्कलच्या गाळणीत मात्र तेच पत्रक गुपचूप बाहेर पडतं. भाषा, पीक आणि भाग या तीन नोंदी सक्तीच्या करा. नोंदी तपासण्यासाठीच्या शॅकल या भाषेत तसे नियम लिहिता येतात.

एवढं करूनही उत्तर चुकलं तर आम्ही पोस्टातल्यासारख्या एका जाड रजिस्टरकडे वळतो. त्यात विचारणाऱ्याचं वाक्य जसंच्या तसं उतरवलेलं असतं, आमच्या शब्दांत सुधारून नाही. नवीन काही जोडलं की त्यातले जुने प्रश्न पुन्हा सिस्टिमला विचारून बघतो. भेंडीच्या केवड्याचा प्रश्न पहिल्या पानावर आहे.