वेदर रडार वापरताना या चुका टाळा

नव्या फर्स्ट ऑफिसरांना, म्हणजे सहवैमानिकांना, शिकवण्यात बरीच वर्षं गेली, तरी त्याच चार-पाच चुका दर महिन्याला समोर येतात. एसओपी, म्हणजे ठरलेली कार्यपद्धती, सगळ्यांना तोंडपाठ असते. मोठ्या वादळापासून 20 मैल लांब राहा, हे झोपेतून उठवलं तरी सांगतील. पण ते 20 मैल मोजायचे कुठून? रडारच्या पडद्यावरच्या लाल डागापासून, म्हणजे जोरदार पावसापासून. आणि तो डाग लाल दिसतो की हिरवा, हे तुम्ही विमानाच्या नाकातली रडारची अँटेना कुठे रोखली आहे त्यावर ठरतं.

म्हणून पहिली चूक, जिचा मला सगळ्यात जास्त राग येतो: टिल्ट, म्हणजे अँटेनाचा वर-खाली कोन, एकदा लावायचा आणि विसरून जायचं.

ही मी स्वतः केली आहे. रात्रीची फ्लाइट, 35,000 फूट, खाली समुद्र. समोर 80 मैलांवर लाल डाग, टिल्ट उणे 2 वर, म्हणजे 2 अंश खाली. 40 मैलांवर तोच डाग पिवळा झाला, 30 वर हिरवा. मी म्हणालो, "सर, विरतोय." कॅप्टन काहीच बोलले नाहीत. हात पुढे करून त्यांनी टिल्टचा नॉब उणे 5 वर नेला. अँटेनाच्या दोन स्वीपमध्ये नाकासमोर लाल भिंत उभी राहिली, मधोमध मॅजेंटा, लालपेक्षाही धोक्याचा रंग. वळायला उशीर झाला होता. ढगाची कड लागलीच. काचेवर सेंट एल्मोच्या, म्हणजे विद्युतभाराच्या, निळसर रेषा सरपटत होत्या आणि पाच मिनिटं मागे सगळे पट्टा घट्ट धरून बसले होते. बाहेर पडल्यावर ते एवढंच म्हणाले, "ढग होता तिथेच होता. आपण त्याच्या डोक्यावरून बघत होतो."

हिशेब सोपा आहे. 1 अंश म्हणजे 60 मैलांवर साधारण 6,000 फूट वर किंवा खाली. उणे 2 वर 80 मैलांवर रडारच्या झोताचा मध्य, पृथ्वीची वक्रता धरून, 23,000 फुटांच्या आसपास पडतो. झोत साडेतीन अंश रुंद, त्यामुळे खालचा ओला भागही त्यात येतो. पण 20 मैलांवर आलात की पूर्ण झोत 27,000 फुटांच्या वर गेलेला असतो. तिथे फक्त बर्फाचे कण, आणि कोरडा बर्फ रडारला जेमतेम दिसतो. ढग तसाच, तुम्ही पाहताय त्याचा कोरडा माथा. माझी सवय अशी: रेंज, म्हणजे पडदा किती मैलांपर्यंत दाखवतो ते, बदलली की हात आपोआप टिल्टवर जातो. आणि डाग जवळ येताना फिका पडला की तो विरला असं मी कधीच धरत नाही, आधी टिल्ट खाली करतो.

"आता सगळं ऑटो आहे, सर," हे उत्तर मला मान्य नाही. नवे रडार स्वतः अनेक उंचीवर स्कॅन करतात आणि ते चांगलं करतात. पण समोर काय आहे हे स्वतः वाचता न येणाऱ्याला ऑटो कधी चुकतंय हेही कळत नाही.

गेनबद्दल, म्हणजे रडारच्या संवेदनशीलतेबद्दल, एकच: सर्वात जोरदार भाग शोधायला कमी केलात तर लगेच परत जागेवर आणा.

दोघांनी एकच रेंज ठेवू नका. एकाने 160, दुसऱ्याने 80. फक्त 40 वर बघणारा हमखास ढगांमधल्या अशा गल्लीत शिरतो जिला पलीकडे वाट नसते.

दुसरी मोठी चूक: लाल डागामागचा काळा भाग मोकळा समजणं. रडारची लहर जेमतेम 3 सेंटीमीटरची, जोरदार पावसात तीच शोषली जाते. मागे काय आहे ते दाखवायला ती परत येतच नाही. 4 एप्रिल 1977 रोजी अमेरिकेतल्या जॉर्जियात सदर्न एअरवेजचं फ्लाइट 242 हे डीसी-9 विमान गारपिटीच्या वादळात शिरलं. पाणी आणि गारांनी दोन्ही इंजिनं बंद पडली आणि विमान रस्त्यावर उतरवताना जमिनीवरच्यांसह 72 जण गेले. वादळातून वाट काढायला कॅप्टननी विमानातल्या रडारवर भिस्त ठेवली, हे चौकशीत कारणांपैकी एक ठरलं. लाल डागाची मागची कड अचानक तुटलेली असेल, किंवा जमिनीचे प्रतिध्वनी तेवढ्याच पट्ट्यात गायब असतील, तर तिथे सावली आहे. त्या बाजूला मी नाक वळवत नाही.

"पुढचं विमान गेलं की!" गेलं असेल. 2 ऑगस्ट 1985 ला डॅलसमध्ये डेल्टा एअरलाइन्सच्या फ्लाइट 191 च्या पुढचं लिअरजेट, एक छोटं जेट, त्याच पावसातून उतरलं होतं. मागच्या डेल्टाच्या एल-1011 विमानाला मायक्रोबर्स्टने, म्हणजे ढगातून कोसळणाऱ्या हवेच्या झोताने, खाली दाबलं, 137 जण गेले. ढग दोन मिनिटांत बदलतो.

घाईवाल्यांना "जजमेंट" हा शब्द फार आवडतो. त्यांचं जजमेंट नेहमी 20 चे 12 मैल करायलाच निघतं. माझ्या लेखी कॅप्टनचं जजमेंट 20 चे 30 कधी करायचे ते ओळखण्यात आहे: डागाच्या कडा बोटांसारख्या फुटल्या असतील, हुकसारखा आकडा दिसत असेल, रंग हिरव्यापासून लालपर्यंत एकदम बदलत असेल, तर गारा धराच.

शेवटचं, वाऱ्याची बाजू. नवीन माणूस जवळची बाजू निवडतो. मी आधी वारा बघतो, कारण माथ्याचा पसरलेला ढग आणि त्यातून फेकल्या जाणाऱ्या गारा वारा जातो त्या बाजूला असतात. वारा येतो त्या बाजूने वळसा लांब पडला तरी चालेल. 80 मैलांवर ठरवा आणि तेव्हाच एटीसीकडे, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाकडे, वळायची परवानगी मागा. 25 वर मागितलंत आणि फ्रिक्वेन्सीवर आणखी सहा जण बोलत असले, तर "स्टँडबाय" ऐकत सरळ जावं लागतं.