व्रत संपल्यानंतरचा दिवस: दारू सोडताना श्रद्धेचा आधार कसा घ्यावा

गोव्यातील शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेसाठी व्रत धरणारे भक्त, म्हणजे धोंड, व्रताच्या काळात मद्याला शिवत नाहीत. एरवी संध्याकाळ झाली की ज्याची पावले बारकडे वळतात, असा माणूसही त्या दिवसांत सोवळे पाळतो, तळ्यात स्नान करतो आणि हातात बेत, म्हणजे वेताची काठी, घेऊन होमकुंडाला सामोरा जातो. खरी अडचण सुरू होते ती व्रताची मुदत संपल्यावर, आणि व्यसनातून बाहेर पडू पाहणाऱ्याने आपल्या श्रद्धेची योजना त्या पुढच्या दिवसासाठी करावी.

मात्र देवाला गाऱ्हाणे घालण्याआधी डॉक्टरांना भेटावे. सकाळी हात थरथरत असतील, घोट घेतल्याशिवाय अंथरूण सोडवत नसेल, तर एकाएकी दारू बंद करणे जिवावर बेतू शकते. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान भास व भ्रम होऊ शकतात. हे नवसाने टळत नाही. गोव्यात बांबोळीच्या आयपीएचबी या सरकारी मनोरुग्णालयात यावर उपचार मिळतात, आणि प्रवास करण्याआधी कोणाशी बोलावेसे वाटले तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र मोफत चालतो.

शरीर सावरले तरी झोप आणि मन कित्येक आठवडे, कधी काही महिने, ताळ्यावर येत नाही. या उदासीला देवाचा कोप समजू नये; दारूला सरावलेला मेंदू हळूहळू पूर्ववत होत असतो. म्हणून मुदत लहान ठेवावी. ‘जन्मभर पिणार नाही’ अशी शपथ देवळात नारळावर हात ठेवून घ्यायला लावणारे नातेवाईक प्रेमापोटीच तसे करतात, पण ती शपथ पेलत नाही; ‘आज झोपेपर्यंत’ एवढेच व्रत पेलते.

अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरात 1935 च्या मे महिन्यात बिल विल्सन हा काही महिन्यांपूर्वीच दारू सोडलेला शेअर दलाल धंद्यातील अपयशाने खचून हॉटेलात उभा होता. बारचा आवाज कानावर पडत होता. त्याने बारऐवजी फोन गाठला आणि चर्चच्या पाद्र्यांना विचारत विचारत डॉ. बॉब स्मिथ या मद्यपी शल्यचिकित्सकापर्यंत तो पोहोचला. त्या भेटीतून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याची संघटना उभी राहिली. त्यांच्या 12 पायऱ्यांमध्ये देव आहे, परंतु ज्याला जसा उमगेल तसा, त्यामुळे मंगेशीला जाणारा, चर्चला जाणारा आणि काहीच न मानणारा एकाच बाकावर बसू शकतो. मला या गोष्टीत देवापेक्षा तो फोन अधिक महत्त्वाचा वाटतो. दारूतून सुटलेल्या दोघातिघांचे क्रमांक आजच लिहून ठेवावेत आणि तल्लफ नसतानाही त्यांना एकदा फोन करावा, म्हणजे गरजेच्या वेळी संकोच आड येत नाही.

तुळशीची माळ घातलेल्या वारकऱ्याला मद्य वर्ज्य असते, हे गावात सर्वांना ठाऊक असल्यामुळे लग्नात किंवा हुर्राकाच्या, म्हणजे काजूच्या दारूच्या, हंगामात त्याला कोणी आग्रह करीत नाही. नकाराला एवढे प्रतिष्ठित कारण दुसरे क्वचितच मिळेल. तरीही पहिल्या आठवड्याच्या उत्साहात माळ घालू नये. काही महिने रोजचे व्रत निभले की मगच तिचा विचार करावा. दरम्यान संध्याकाळी सहा ते नऊ हा वेळ भजनाला किंवा नाटकाच्या तालमीला द्यावा आणि घरी परतण्याचा रस्ताही बदलावा, कारण बारसमोरून रोज जाऊन निग्रहाची परीक्षा घेण्यात काही पुण्य नाही.

घसरण झालीच, तर ‘व्रत मोडले, आता सगळेच गेले’ या विचाराने दुसरी बाटली उघडली जाते. त्याच रात्री लिहून ठेवलेल्यांपैकी एकाला फोन करावा. भिंतीवरच्या कालनिर्णयावर रोज रात्री त्या दिवसाच्या चौकोनात खूण करीत असाल, तर तो एक चौकोन कोरा सोडावा, आधीच्या खुणा खोडू नयेत आणि उद्या पुढच्या चौकोनापासून पुन्हा सुरुवात करावी.